शेवाळ खाणारे मासे: कोणता घ्यावा, कोणता दुकानातच राहू द्यावा

दुकानात नुसती "अल्गी ईटर" अशी चिठ्ठी लावलेल्या टाकीत काय पोहत असेल याचा नेम नसतो. कधी सकरची पिल्ले, कधी सोनेरी चायनीज अल्गी ईटर, कधी खरोखर कामाचा सयामीज, तर कधी तिन्ही एकत्र. बोटाएवढे असताना सगळेच गरीब दिसतात आणि सगळेच काहीतरी खरवडत असतात. वर्षभराने एक फूटभर होतो, दुसरा शेजाऱ्यांच्या अंगाला चिकटू लागतो आणि तिसरा शेवाळाकडे पाठ फिरवून फ्लेक्सवर (पापुद्र्यांसारख्या कोरड्या खाद्यावर) धाव घेतो. टेट्रा, रासबोरा, गप्पी, कोरी अशा शांत माशांची 60 ते 200 लिटरची टाकी डोळ्यासमोर ठेवून यातला कोण परवडतो ते पाहू.

मासा निवडण्याआधी टाकीत नेमके कुठले शेवाळ आहे ते बघा. नव्या टाकीत पहिल्या दोन-तीन महिन्यांत काचेवर, वाळूवर, पानांवर तपकिरी भुकटी बसते. ते डायटम. बोटाने पुसले तरी निघतात आणि टाकी मुरली की बहुतेक वेळा आपोआप कमी होतात. त्यानंतर काचेवर मऊ हिरवी साय धरते. या दोन्हींवर ताव मारणारे मासे भरपूर आहेत. काचेवरचे आणि अनुबियासच्या जुन्या पानांवरचे कडक हिरवे ठिपके, जे नखानेही सुटत नाहीत, ते मात्र माशांच्या भरवशावर सोडू नयेत. तीव्र प्रकाश आणि पाण्यात फॉस्फेटची कमतरता असली की ते वाढतात, आणि काढायला ब्लेडची खरवडणी लागते (अॅक्रिलिकच्या टाकीला प्लास्टिकचे कार्डच वापरा, ब्लेडचे ओरखडे कायमचे राहतात). लांब हिरवे धागे खाणारे मासे मोजके. फिल्टरच्या तोंडाशी, लाकडावर, पानांच्या कडांना चिकटलेली काळी-राखाडी दाढी, म्हणजे ब्लॅक बिअर्ड, खाणारे त्याहून मोजके. निळसर-हिरवा, बुळबुळीत, कुबट वासाचा थर दिसला तर ते शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया, म्हणजे एक प्रकारचे जिवाणू, आहेत. त्यांना कोणी तोंड लावत नाही. पाणी हिरवेगार झाले असेल तर तिथेही मासे निरुपयोगी, यूव्ही क्लॅरिफायर (अतिनील दिव्याने पाणी स्वच्छ करणारे यंत्र) लावा किंवा टाकी तीन-चार दिवस पूर्ण झाकून ठेवा.

सकर

सर्वांत जास्त खपणारा आणि कम्युनिटी टँकसाठी, म्हणजे वेगवेगळ्या शांत माशांच्या एकत्र टाकीसाठी, सर्वांत चुकीचा. कॉमन प्लेको या नावाने मिळणारा हा मासा बहुधा टेरिगोप्लिक्थिस वंशातला असतो. दुकानात 5-7 सेंमीचा दिसतो, पोटभर खायला मिळाले तर वर्षभरात वीतभर होतो आणि पुढे 30 ते 45 सेंमीपर्यंत जातो. नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. "टाकी लहान असली की मासाही लहानच राहतो" हे विक्रेत्याचे लाडके वाक्य आहे. प्रत्यक्षात लहान टाकीत त्याची वाढ खुंटते ती घाण पाण्यामुळे आणि कुपोषणामुळे, आणि आयुष्यही तेवढेच कमी होते.

पिल्लू असताना काच छान साफ करतो, यात खोटे काही नाही. पण मोठा झाला की शेवाळावर त्याचे भागत नाही. तो वेफर (तळाशी बसणारी खाद्याची चकती), तळाशी पडलेले खाद्य, मेलेला मासा, जे मिळेल ते खातो. उपाशी राहिला तर रात्री डिस्कस, गोल्डफिश अशा संथ, रुंद माशांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडतो. सकाळी त्यांच्या अंगावर गोल फिकट चट्टे दिसले तर आधी सकरवर संशय घ्यावा. शिवाय तो विष्ठा इतकी करतो की नायट्रेट वाढते आणि जे शेवाळ घालवायला त्याला आणले त्यालाच खत मिळते. 400 लिटरच्या आतल्या टाकीसाठी हा विषयच बंद. घरात असलेला डोईजड झाला तर दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. नदी-तलावात सोडू नका. दक्षिण अमेरिकेबाहेर अनेक देशांत टाकीतून सुटलेले सकर उपद्रवी जात होऊन बसले आहेत, काठाच्या मातीत बिळे करून काठ ढासळवतात.

ब्रिसलनोज

सकरसारखाच चिकटणारा मासा हवा असेल तर अँसिस्ट्रस, म्हणजे ब्रिसलनोज घ्या. पूर्ण वाढ 10 ते 13 सेंमी, 100 लिटरच्या टाकीत एक आरामात राहतो. डायटम आणि मऊ हिरव्या थरावर काम चोख. काच, लाकूड, रुंद पाने, सगळीकडे फिरतो. काळ्या दाढीला मात्र हात लावत नाही.

पिल्लांमध्ये ब्रिसलनोज म्हणून सकर गळ्यात पडू शकतो, कारण नाकावरच्या मिशा 5-6 सेंमीपर्यंत नीट दिसत नाहीत आणि मादीला त्या नावापुरत्याच असतात. अशा वेळी पाठीवरच्या पराकडे बघा. मासा पर उभारेपर्यंत थांबा आणि त्यातल्या काड्या मोजा. अँसिस्ट्रसला पुढचा काटा धरून साधारण आठ भरतात. टेरिगोप्लिक्थिसचा पर शिडासारखा उंच आणि लांब, त्यात दहाच्या वर काड्या. शिवाय ब्रिसलनोजचे डोके रुंद आणि चपटे, अंग आखूड.

एक नर, एक गुहा हे पथ्य पाळा. लहान टाकीत दोन नर ठेवले की दुबळ्याचे पर फाटतात. नर-मादी असतील आणि गुहा किंवा नळीचा तुकडा असेल तर नर नारिंगी अंड्यांवर बसतो, आणि थोड्याच दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. ती कुठे खपवायची याचा विचार आधी करावा, कारण हे जोडपे एकदा सुरू झाले की थांबत नाही. टाकीत ड्रिफ्टवुडचा एक तुकडा असू द्या. तो खरवडणे त्याला आवडते, आणि लाकडावरचा जिवाणूंचा थरही पोटात जातो. पोट भरले नाही तर अॅमेझॉन सोर्डची पाने चाळणीसारखी करून ठेवतो. पान आडवे खरवडले गेले असेल, शिरा राहिल्या असतील आणि मधला पातळ पडदा उरला असेल तर तो याचाच प्रताप. आठवड्यातून दोन-तीनदा काकडी किंवा झुकिनीची चकती दिली की हे थांबते. विष्ठा खूप, त्यामुळे पाणी बदलताना तळ सायफनने ओढायलाच हवा.

ओटोसिन्क्लस

लावलेल्या झाडांच्या टाकीसाठी आमची पहिली पसंती. 4-5 सेंमीच्या पुढे जात नाही, कुणाच्या वाटेला जात नाही, नाजूक पानालाही इजा करत नाही. पानाच्या वरून सुरू करून खालच्या बाजूने परत येतो, देठही सोडत नाही. डायटम आणि मऊ हिरवी साय हे त्याचे खास खाद्य. धागे, दाढी, कडक ठिपके यांच्याशी त्याला देणेघेणे नाही.

गोम एकच: आणल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ओटो पटापट मरतात, आणि त्यात पाळणाऱ्याचा दोष असतोच असे नाही. बाजारात येणारे बहुतेक ओटो नदीतून पकडलेले असतात. पकडल्यापासून दुकानापर्यंतच्या प्रवासात त्यांना जवळजवळ काही खायला मिळत नाही, आणि शेवाळ पचवणारे आतड्यातले जिवाणू त्या उपासमारीत कमी होतात. मग टाकीत शेवाळ असूनही मासा खंगत जातो. म्हणून खरेदीच्या वेळी पोट तपासणे हाच सगळ्यात मोठा उपाय. मासा काचेला चिकटलेला असताना समोरून, म्हणजे पोटाच्या बाजूने बघा. छातीच्या परांच्या मागे पोट बाहेर आलेले, गोल, फिकट पांढरे दिसले तर घ्या. तिथे खळगा असेल, कडा आत गेलेल्या असतील, तर तो मासा दुकानात कितीही चपळ दिसो, सोडून द्या. नवा माल आला त्याच दिवशी घेऊ नका. दुकानात आठ-दहा दिवस तग धरलेले घ्या.

टाकी किमान तीन महिने चाललेली हवी, अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट 20 पीपीएमच्या (लिटरला 20 मिलिग्रॅम) आत, तापमान 22 ते 26 अंश. सहाचा गट घ्या. एकटादुकटा ओटो लपून बसतो आणि खात नाही. पिशवीतून सरळ ओतू नका. बारीक नळीला गाठ मारून थेंबाथेंबाने तास-दीड तास पाणी मिसळा. पहिल्या महिन्याची बेगमी म्हणून चार-पाच गुळगुळीत दगड टाकीच्याच काढलेल्या पाण्यात बरणीत घालून उन्हाच्या खिडकीत ठेवा. आठवडा-दहा दिवसांत त्यांवर हिरवा थर येतो. एक दगड टाकीत, दुसरा बरणीत अशी अदलाबदल करत राहा. वेफर ही काय चीज आहे हे ओटोला बरेच दिवस कळत नाही, उकळत्या पाण्यात मिनिटभर टाकलेली झुकिनीची चकती लवकर ओळखतो.

एंजलफिश किंवा मोठ्या तोंडाच्या सिक्लिडबरोबर ठेवू नका. गिळायला गेले की ओटो परांचे काटे ताठ करतो, घशात अडकतो आणि दोन्ही मासे हातचे जातात.

सयामीज अल्गी ईटर आणि त्याचे तोतये

काळी दाढी खाणारा भरवशाचा मासा सांगायचा तर एकच, क्रॉसोकायलस वंशातला सयामीज अल्गी ईटर. धागेही खातो. अडचण अशी की याच्या नावाखाली आणखी तीन जाती विकल्या जातात, आणि फरक अंगावरच्या पट्ट्यात आहे.

खऱ्या सयामीजचा काळा पट्टा नाकापासून निघून शेपटीच्या पराच्या अगदी टोकापर्यंत जातो. पट्ट्याची वरची कड सरळ नसते, करवतीसारखी दातेरी असते. पर सगळे पारदर्शक, त्यांवर काळा-पिवळा रंग नाही. फ्लाइंग फॉक्समध्ये काळ्या पट्ट्यावर ठळक सोनेरी रेघ असते, कडा सरळ असतात आणि परांवर काळा रंग पांढऱ्या किनारीसह असतो. दिसायला तोच देखणा, पण शेवाळ कमी खातो आणि मोठेपणी हद्द राखतो. गारा वंशातल्या तोतयाचा पट्टा शेपटी सुरू होते तिथेच संपतो. तो निरुपद्रवी असतो, पण दाढीला तोंड लावेल या आशेवर घेऊ नका. चौथा चायनीज अल्गी ईटर, गायरिनोकायलस. याचे तोंड खालच्या बाजूला, चकतीसारखे चिकटणारे. तो तोंडाने काचेला धरून राहतो, सयामीज तसे करत नाही, पानावर परांवर टेकून बसतो. चायनीजला कल्ल्याच्या वरच्या कोपऱ्यात पाणी आत घेण्याचे वेगळे भोक असते, कारण तोंड चिकटवण्यात गुंतलेले असते. 25 सेंमीच्या पुढे वाढतो, वयात आला की दादागिरी करतो आणि रुंद माशांच्या अंगाला चिकटतो. त्याची सोनेरी जात दिसते गोंडस, स्वभाव तोच. कम्युनिटी टँकमध्ये याला जागा नाही.

सयामीज 12 ते 15 सेंमी होतो आणि सतत पोहतो, म्हणून टाकी निदान 90 सेंमी लांब आणि 120 लिटरच्या वर हवी. एक ठेवा किंवा चार-पाच. दोन ठेवले की एक दिवसभर दुसऱ्याच्या मागे लागतो. झाकण पक्के हवे, फटीतूनही उडी मारतो. पाण्याचे तापमान 24 ते 26 अंश.

"माझा सयामीज दाढी खात नाही" ही तक्रार सतत ऐकू येते. तीन कारणे तपासा. पहिले, तो खरा सयामीज आहे का? दुसरे, त्याला फ्लेक्स भरपेट मिळतात का? 4 ते 6 सेंमीचा तरुण मासा शेवाळावर तुटून पडतो, पण रोज दोनदा फ्लेक्स मिळाले तर कष्टाचे खाणे कशाला खाईल? आठवड्यातून एक-दोन दिवस सगळ्या टाकीला उपास घडवा, बाकीच्या दिवशी खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच. तिसरे, दाढी जुनी आणि चिवट असते. तिला आधी मारली तर मासे आवडीने खातात. 3 टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या, फिल्टर बंद करा, सुईविना सिरिंजने दाढीच्या अगदी जवळ हळूहळू सोडा, पंधरा मिनिटांनी फिल्टर सुरू करा. 40 लिटरला एका वेळी 10 मिलीपेक्षा जास्त नको. बुडबुडे येतात, एक-दोन दिवसांत दाढी गुलाबी होते, मग पांढरी. गुलाबी झाली की सयामीज तिला सोडत नाही. टाकीत मॉस, व्हॅलिसनेरियासारखी नाजूक झाडे किंवा कोळंबी असेल तर प्रमाण निम्म्यावर आणा आणि त्यांच्यापासून लांब वापरा.

बाकीचे, थोडक्यात

काळी मोली लोकांच्या लक्षात येत नाही, पण पाण्यावरचा तेलकट तवंग आणि पानांवरची कोवळी साय चांगली टिपते. पाणी कठीण हवे, पीएच 7.5 च्या वर. मऊ आम्ल पाण्यातल्या टेट्रांबरोबर ती अंग हलवत एका जागी डुलत राहते आणि मग आजारी पडते. पिल्लांची संख्या वाढते हे धरूनच घ्या. फ्लोरिडाचा फ्लॅगफिश धाग्यांवर जोरदार आहे, मात्र लांब परांच्या गप्पी-बेट्टाबरोबर नको, पर कुरतडतो. रोझी बार्बही धागे खातो आणि त्यांच्याबरोबर तुमची बारीक पानांची झाडेही.

हिलस्ट्रीम लोच फोटोत फार छान दिसतो. तो वेगवान, थंड, प्राणवायूने भरलेल्या ओढ्यातला मासा आहे. 20 ते 24 अंश आणि जोराचा प्रवाह असेल तर दगडांवरचा थर मस्त खातो. 27-28 अंशांच्या संथ टाकीत हळूहळू झुरतो. क्लाउन प्लेको मुख्यतः लाकूड खरवडतो आणि झेब्रा प्लेको मांसाहारी आहे. "प्लेको" या नावावरून शेवाळाची आशा धरू नका. कोरी तळातले उरलेसुरले खातात, शेवाळ खात नाहीत. दुकानदार "क्लीनर" म्हणून विकत असला तरी.

मासे नसलेले दोन प्राणी इथे घेतलेच पाहिजेत, कारण त्यांच्याशिवाय हिशेब अपुरा. अमानो कोळंबी, केरिडिना मल्टिडेंटाटा, धाग्यांवर कुठल्याही माशापेक्षा सरस. दर 8-10 लिटरला एक. जपानी अॅक्वास्केपर (टाकीत झाडे-दगडांची सजावट रचणारे) ताकाशी अमानो यांनी ती या छंदात रूढ केली. अळ्यांना मचूळ पाणी लागत असल्याने गोड्या पाण्यात संख्या वाढत नाही. नेराइट गोगलगाय कडक हिरव्या ठिपक्यांवर चालते, जिथे सगळे मासे हात टेकतात. तिची पांढरी अंडी लाकडावर टिपक्यांसारखी चिकटतात आणि गोड्या पाण्यात फुटत नाहीत. दिसायला वाईट, इतकेच. दोघांनाही तांबे असलेले औषध विषासारखे. टाकीला औषध देण्याआधी बाटलीवरचे घटक वाचा.

आणल्यानंतर

नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, पण शेवाळ खाणाऱ्याची वेगळी टाकी चकचकीत असेल तर तो तिथेच उपाशी मरतो. वर सांगितलेले दगड तिथेही लागतात. मुख्य टाकीत भाजीचा तुकडा काट्याने किंवा दगडाने खाली बसवा, टाकीचे दिवे बंद केल्यावर द्या आणि सकाळी काढा. 24 तासांच्या वर राहिला तर पाणी गढूळ होते. वेफर घेताना घटकांच्या यादीत पहिले नाव बघा. तिथे स्पिरुलिना किंवा शेवाळ असेल तर ठीक, फिशमील आणि गव्हाचे पीठ असेल तर ती नावालाच अल्गी वेफर.

मासा आणून महिना झाला तरी काच हिरवीच असेल तर आणखी मासे आणू नका. दिव्याला टायमर लावून सहा-सात तासांवर आणा, टाकीवर थेट ऊन पडत असेल तर पडदा लावा, दर आठवड्याला 30 टक्के पाणी बदला. त्यानेही फरक पडला नाही तर खाद्य कमी करा.

टाकीच्या मापाप्रमाणे आमची निवड अशी: 40 लिटरपर्यंत मासा नकोच, दोन नेराइट आणि चार अमानो. 60 ते 100 लिटर, झाडे लावलेली, मुरलेली टाकी: सहा ओटो आणि तीन-चार नेराइट. 100 ते 150 लिटर, लाकूड-दगडांची टाकी: एक ब्रिसलनोज, आणि त्याच्या जोडीला ओटो घेतलेच तर भाजीचे दोन तुकडे दोन कोपऱ्यांत, कारण एका तुकड्यावर ब्रिसलनोज बसला की ओटोला जवळ येऊ देत नाही. 150 च्या वर आणि काळ्या दाढीने त्रस्त असाल तर एक तरुण सयामीज, पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत पाहूनच.